शेवटचा मणी

पंचेचाळिशी उलटल्यावर माणसाने पुन्हा विद्यार्थी होऊ नये, असे माझे प्रामाणिक मत आहे. पण सामाजिक संस्थांच्या कारभारावरचा एक ऑनलाइन अभ्यासक्रम आमच्या कॉलेजने प्राध्यापकांच्या गळ्यात बांधला, आणि मराठीच्या या मास्तराला रोज संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी लॅपटॉप उघडून बसणे भाग पडले. शेजारी आई मटार सोलत असे. पडद्यावर चाळीस चौकटी, चौकटीचौकटीत एकेक चेहरा! माझा माईक केव्हा चालू असतो नि केव्हा बंद, हे मी सोडून बाकी सर्वांना ठाऊक असे.

त्या दिवशी चर्चेला गडचिरोलीच्या 'सर्च' या संस्थेची हकिकत होती. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली तेथे काम सुरू केले. १९८८ साली त्या भागात जन्मलेल्या हजार मुलांपैकी १२१ वर्षाच्या आत दगावत होती. न्यूमोनियाने पुष्कळ जात. तो ओळखायचा तर मुलाचे मिनिटाचे श्वास मोजावे लागतात. पण खेड्यातल्या निरक्षर सुईणींनी पन्नासपर्यंत मोजावे कसे? डॉक्टरांनी तोड काढली. मिनिटभराचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांची ओळ. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी शेवटच्या तांबड्या मण्यावर बोट गेले, तर न्यूमोनिया समजून औषध द्यायचे.

एका तरुणाने शंका काढली, "निरक्षर बाईच्या हाती औषध देणे धोक्याचे नाही का?" झाले! आयुष्यभर शुद्धलेखन तपासलेला माझ्यातला मास्तर जागा झाला. "आधी साक्षरता, मग औषध," असे मी पाच मिनिटे ठासून सांगितले. चार-दोन माना डोलल्याही.

मटार सोलणारे हात थांबले होते.

"त्या बायकांना मणी कुणी दिले म्हणालास?" आईने विचारले. शाळेची पायरी तिने कधी चढलेली नाही. "तुझ्या आधीचा माझा. आठ महिन्यांचा. रात्रभर धाप लागली होती त्याला. मी उशाशी बसून ऐकत होते. रोजच्यासारखा श्वास नाही, एवढं कळत होतं रे. पण सांगू कुणाला? डॉक्टर तालुक्याला, आणि नाल्याला पूर."

मला एक भाऊ होता एवढेच मला माहीत होते. कसा गेला, हे मी कधी विचारले नव्हते.

माईक अर्थातच चालू होता. चाळीस चौकटींत कुणी हलले नाही. थोड्या वेळाने मीच म्हणालो, "माझे मघाचे मत मी मागे घेतो."

चर्चा पुढे गेली. गावातल्याच थोड्या शिकलेल्या बायकांना तयार करून याच संस्थेने ३९ गावांत नवजात बालकांची घरच्या घरी काळजी घेतली, आणि त्यांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये ते प्रसिद्ध झाले. कुणी नेतृत्वाला श्रेय दिले, कुणी कमी खर्चाला. मला मात्र वाटले, ज्या बाईला ऐकू येत होते तिच्यावर कुणीतरी विश्वास टाकला, हेच मुख्य.

वर्ग संपल्यावर आईने विचारले, "आता असतं का रे तसं काही?"

"हो. २०११ पासून आशाताई घरी येऊन तान्ह्या बाळाला बघून जातात."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि उरलेल्या शेंगा तिने पुढे ओढल्या.