विश्वचषक आणि बुडालेली बँक

१८ जून १९८२ रोजी सकाळी लंडनमध्ये टेम्स नदीवरील ब्लॅकफ्रायर्स पुलाखालच्या परांचीला एक मृतदेह लटकलेला आढळला. खिशांत विटांचे तुकडे होते आणि निरनिराळ्या देशांच्या चलनी नोटा होत्या. हा देह मिलान येथील बँको अँब्रोसियानोचे अध्यक्ष रोबेर्तो काल्वी यांचा होता. आदल्याच दिवशी त्यांच्या चिटणीस बाईंचा बँकेच्या मुख्यालयाच्या खिडकीतून खाली पडून मृत्यू झाला होता. आणि ज्या दिवशी हा मृतदेह सापडला त्याच दिवशी स्पेनमधील व्हिगो शहरी इटलीचा फुटबॉल संघ विश्वचषक स्पर्धेत पेरूशी १-१ अशी बरोबरी पत्करून, पडेल चेहऱ्याने मैदानाबाहेर पडत होता. त्या उन्हाळ्यात इटलीच्या नागरिकापुढे एकाच वेळी दोन सामने चालू होते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

दुसऱ्या सामन्याची सुरुवात वर्षभर आधीच झाली होती. मार्च १९८१ मध्ये लिचो जेल्ली या इसमाच्या मालमत्तेच्या झडतीत 'पी-टू' नावाच्या गुप्त मंडळाची ९६२ नावांची यादी पोलिसांच्या हाती लागली. तीत मंत्री होते, खासदार होते, सेनाधिकारी होते, गुप्तचर खात्यांचे प्रमुख होते. देशातील सर्वांत प्रतिष्ठित दैनिकाचे प्रकाशक आणि संपादक होते. आणि काल्वीही होते. यादी प्रसिद्ध होताच फोर्लानी यांचे मंत्रिमंडळ गडगडले आणि प्रजासत्ताकाच्या काळात प्रथमच ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्षाबाहेरची व्यक्ती, जोव्हान्नी स्पादोलिनी, पंतप्रधानपदी आली.

काल्वींच्या बँकेचा व्यवहार समजण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. लक्झेंबर्ग आणि बहामा येथील आपल्या उपकंपन्यांमार्फत ही बँक परकीय बँकांकडून डॉलरमध्ये कर्ज उचले. तो पैसा पनामातील नामधारी कंपन्यांना दिला जाई. आणि त्या कंपन्या इतर व्यवहारांबरोबरच अँब्रोसियानोचेच शेअर विकत घेत. म्हणजे बँकेच्या पैशाने बँकेचीच मालकी हस्तगत करण्याचा हा प्रकार होता. कर्ज डॉलरचे आणि शेअर लिराचे. डॉलर वधारू लागला तसतसा खड्डा रुंदावत गेला. अखेरीस तो सुमारे १३० कोटी डॉलरचा निघाला. या कंपन्यांना व्हॅटिकनच्या बँकेची हमीवजा पत्रे लाभली होती, ही गोष्ट इटलीच्या श्रद्धाळू मध्यमवर्गाला विशेष झोंबली.

ज्या खेळाकडे लोक विरंगुळा म्हणून वळले तोही निष्कलंक नव्हता. १९८० मध्ये सामन्यांचे निकाल पैसे घेऊन ठरविल्याचे प्रकरण उघडकीस आले होते. मिलान आणि लाझिओ हे नामांकित संघ खालच्या श्रेणीत ढकलले गेले. पाओलो रोसी या तरुण आघाडीवीरावर बंदी आली. आपण निर्दोष असल्याचे तो अखेरपर्यंत सांगत राहिला. दोन वर्षांची बंदी संपवून तो १९८२ च्या वसंतात परतला आणि जेमतेम तीन सामन्यांनंतर प्रशिक्षक एन्झो बेअरझोट यांनी त्याला स्पेनला नेले. पहिल्या तीन सामन्यांत इटलीला एकही विजय मिळाला नाही. वृत्तपत्रांनी अशी झोड उठविली की, खेळाडूंनी वार्ताहरांशी बोलणेच सोडले. चाळीस वर्षांचा कर्णधार डिनो झॉफ तेवढा संघाच्या वतीने बोले.

पुढे घडले ते सर्वज्ञात आहे. अर्जेंटिनाचा पराभव झाला. ५ जुलै रोजी बार्सिलोनात रोसीच्या तीन गोलांनी ब्राझील ३-२ असे गारद झाले. पोलंडला त्यानेच दोन गोलांनी हरविले. आणि ११ जुलै रोजी माद्रिदमध्ये पश्चिम जर्मनीवर ३-१ असा विजय मिळाला. फॅसिस्ट राजवटीत तुरुंगवास भोगलेले पंचाऐंशी वर्षांचे राष्ट्राध्यक्ष सांद्रो पेर्तिनी प्रेक्षागारात लहान मुलासारखे नाचले. राज्यकर्त्यांवरचा विश्वास उडालेल्या जनतेला त्या रात्री राष्ट्राचा प्रमुख आपल्यातलाच वाटला.

अशा प्रसंगी रोमन सम्राटांच्या 'भाकरी आणि खेळ' या धोरणाचा दाखला देण्याची प्रथा आहे. तो येथे पुरता लागू पडत नाही. विजयाला महिना होण्यापूर्वीच स्पादोलिनींचे मंत्रिमंडळ कोसळले आणि ऑगस्टमध्येच बँको अँब्रोसियानोचे दिवाळे निघाले. ठेवीदारांना नव्या बँकेने सांभाळून घेतले; हजारो छोट्या भागधारकांचे शेअर कवडीमोल झाले. जल्लोषाने यांतले काहीही टळले नाही. खेळ पाहणारे लोक मूर्ख होते असे मानण्यास म्हणूनच आधार नाही. नव्वद मिनिटांनंतर शिट्टी वाजते आणि निकाल फलकावर लागतो, असे दुसरे स्थळ त्यांच्या सार्वजनिक जीवनात उरले नव्हते, एवढेच.

विचार करण्याजोगी तुलना वेगळीच आहे. फुटबॉल संघटनेने आपल्या गैरव्यवहाराचा निकाल काही महिन्यांत लावला. तो सर्वस्वी न्याय्य होता असे नव्हे. पण निर्णय झाला, शिक्षा भोगली गेली आणि माणूस परत येऊ शकला. राज्यसंस्थेचे तसे झाले नाही. काल्वींचा मृत्यू ही आत्महत्या असे प्रथम ठरले, पुढच्या वर्षी प्रश्न अनिर्णित ठेवण्यात आला, २००२ मध्ये तज्ज्ञांनी तो खून असल्याचा निष्कर्ष काढला आणि २००७ मध्ये खटल्यातील सर्व आरोपी सुटले. दिवाळखोरीबद्दल जेल्लीची शिक्षा कायम होण्यास १९९८ साल उजाडले. व्हॅटिकनच्या बँकेने १९८४ मध्ये कायदेशीर जबाबदारी न स्वीकारता धनकोंना सुमारे २४ कोटी डॉलर दिले.

तरीही एक काम पार पडले. तीना आन्सेल्मी या माजी मंत्री असलेल्या बाईंच्या अध्यक्षतेखाली संसदेची चौकशी समिती गोल होत असताना आणि नसतानाही साक्षी घेत राहिली आणि १९८४ मध्ये तिने जेल्लीकडे सापडलेली यादी खरी असल्याचा निर्वाळा दिला. त्या निर्वाळ्यासाठी रस्त्यावर कोणी नाचले नाही. नागरिकाचे लक्ष हे भांडवलासारखेच मर्यादित असते. तीन आठवडे ते चेंडूमागे गेले तर त्याबद्दल त्याला दोष देता येत नाही. ते परत येते की नाही, हाच लोकशाहीचा खरा प्रश्न होय. आणि ते परतेपर्यंत जमाखर्चाची वही उघडी ठेवून बसणारे कोणीतरी असावे लागते. २०२० साली रोसी निवर्तला तेव्हा इटलीला त्याचे सहाही गोल आठवले. त्याच उन्हाळ्यातल्या १३० कोटी डॉलरचा हिशेब किती जणांना आठवला असेल, याचा अंदाज वाचकांनीच करावा.