गंजलेला शेगडा पुन्हा कामाला लावताना

लोखंडाची वस्तू गंजली की ती गेली, असे समजून आपण ती भंगारात टाकतो. शेगड्याच्या बाबतीत तशी घाई करू नये.

शेगडा म्हणजे वर्कशॉपमधल्या लोकांचा 'वाइस'. मुलांनो, बाकाला बोल्टने घट्ट बसवलेले दोन जबड्यांचे हे अवजार तुम्ही गॅरेजमध्ये पाहिले असेल. दांडा फिरवला की जबडे मिटतात आणि कापायची किंवा घासायची वस्तू धरून ठेवतात. ज्यांचे आजोबा मुंबईला रेल्वेच्या कारखान्यात, गिरणीत किंवा गोदीत फिटर होते, किंवा १९६० च्या दशकात ओआरटीच्या वर्गात कानस धरायला शिकले, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

आमच्या नेपरव्हिलमध्ये उन्हाळा आला की घरोघर गॅरेज सेल लागतात आणि असे जुने शेगडे हाती येतात. हा मुलूखच कामगारांचा. इथल्या स्टेशनाजवळचा क्रोलर फर्निचरचा मोठा कारखाना १९७८ साली बंद झाला. इथून सुमारे ३० मैलांवर शिकागो. तिथे १९४१ साली चेकोस्लोव्हाकियातून आलेल्या ह्यू व्होगल यांनी विल्टन कंपनी काढली. त्यांच्या शेगड्याचा मागचा भाग बंदुकीच्या गोळीसारखा गोल असतो. स्क्रू आत झाकलेला राहतो, म्हणून धूळ आत जात नाही आणि ग्रीस बाहेर येत नाही. पुढे सरकणाऱ्या भागाच्या खालच्या बाजूला बहुधा महिना आणि साल ठोकलेले असते. तिथे गॅरंटी संपल्याची तारीख असेल, तर तिच्यातून ५ वर्षे वजा करा. तो शेगड्याचा जन्म! हे गणित मुलांनी करावे.

विकत घेण्याआधी मात्र तडा बघा. हातोडीने हलकेच टिचकी मारली की धड बिडाचा आवाज खणखणीत येतो, तडकलेल्याचा बद्द. तडा असेल तर तो सोडून द्यावा. बिडाला घरी वेल्डिंग करणे नवशिक्याचे काम नव्हे.

आता गंजाचे. अलिबाग-रेवदंड्याला खारा वारा, तिथे लोखंड गंजले तर नवल नाही. पण नेपरव्हिलला समुद्र कुठला? इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते गाडीच्या चाकांबरोबर गॅरेजमध्ये येते. शिवाय वसंतात ऊबदार, दमट हवा आत शिरते, पण जड लोखंड अजून थंडच असते. मग त्याला घाम फुटतो, जसा उन्हाळ्यात थंड पाण्याच्या तांब्याला. गंज धरतो तो बहुतेक त्या घामाने.

गंज काढायला जोर नको, वेळ द्या. आधी सांध्यांवर आणि स्क्रूंवर गंज सैल करणारे तेल सोडून एक दिवस थांबा. दांड्याला लांब पाइप लावून हिसका देऊ नका. बीड वाकत नाही, मोडते. सुटले की दांडा उलटा फिरवत पुढचा जबडा पूर्ण बाहेर काढा. कुठला स्क्रू कुठला, हे कागदावर लिहून ठेवा. जुने ग्रीस आधी पुसून काढा, नाहीतर व्हिनेगर लोखंडापर्यंत पोचणार नाही.

सुटे भाग प्लास्टिकच्या बादलीत पांढऱ्या व्हिनेगरमध्ये भिजत घाला. शुक्रवारी शब्बाथ लागायच्या आधी बादली भरावी, शनिवारी रात्री उघडावी. आपण विश्रांती घेतो, व्हिनेगर काम करते! मात्र त्याहून जास्त ठेवू नका, आम्ल चांगले लोखंडही खाऊ लागते. बुडबुडे येतात तो हायड्रोजन वायू, म्हणून बादली झाकू नये, उघड्या हवेत आणि आगीपासून दूर ठेवावी. नंतर तारेच्या ब्रशने घासा, खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून काढा आणि लगेच कोरडे करा. ओले ठेवले तर बघता बघता पुन्हा तांबूस रंग चढतो.

एक गोष्ट आजी-आजोबांनी जरूर लक्षात ठेवावी. जुन्या रंगात शिसे असू शकते. अमेरिकेत घरगुती रंगात शिसे घालण्यावर १९७८ साली बंदी आली, शेगडे त्याच्या कितीतरी आधीचे असतात. म्हणून कोरडा रंग घासून धूळ उडवू नका. मास्क आणि हातमोजे घाला, भाग ओला ठेवून घासा, आणि तेवढा वेळ नातवंडांना घरात पाठवा. सगळे धुऊन पुसून झाले की त्यांना बोलवा. तेल लावणे त्यांचे काम.

तेल कुठले? आपले वाडवडील कोकणात घाणे चालवत, शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. पण त्यांचे खोबरेल इथे चालायचे नाही. ते थंडीत थिजते, आणि खायची तेले पुढे चिकट होतात. शेगड्याला यंत्राचे पातळ तेल लावा, स्क्रूच्या आट्यांना ग्रीस. जबड्यांवरच्या रेघा घासून गुळगुळीत करू नका, पकड त्यांच्यामुळेच असते. जुने वार, ठोके दिसले तर दिसू द्यावेत. शेगडा नवा दिसला नाही तरी चालेल, नीट मिटला पाहिजे.

बाकावर बसवताना जबड्याची वरची कड उभ्या माणसाच्या कोपराइतकी उंच हवी. मुलांसाठी पायाखाली मजबूत पाट द्या. पहिल्या दिवशी लाकडाचा तुकडा धरून कानस कशी चालवायची ते आजोबांनी दाखवावे: पुढे जाताना दाब, मागे येताना हात हलका. हे वाचून येत नाही, हात धरूनच येते, आणि ते शिकवणारी माणसे आपल्यात आता मोजकीच उरली आहेत.

यापुढे वर्षातून दोनदा तेलाचा हात फिरवला की पुरे. एकदा सुक्कोथनंतर, थंडी पडायच्या आत, आणि एकदा पेसाहच्या साफसफाईत, लोखंडाला घाम फुटायच्या दिवसांत.