उसण, पायाळू आणि अमेरिकेचा पामर

गाळप सुरू झालं की फडात मोळी उचलता उचलता कंबर धरते. मग सुरू होते पायाळू माणसाची शोधाशोध. त्यानं पाठीला पाय लावला की उसण गेलीच म्हणून समजा! सभासद बंधूंनो, पाठ दाबून रोग घालवण्याच्या अशाच एका विद्येचं अमेरिकेत कॉलेज निघालं. तिला कायरोप्रॅक्टिक म्हणतात.

तिचा जनक डॅनियल डेव्हिड पामर. (हे आडनाव आहे, मराठी अर्थ घेऊ नये.) आधी किराणा दुकान, मग अंगच्या चुंबकशक्तीनं रोगी बरे करण्याचा धंदा. १८९५ साली आयोवा राज्यातील डेव्हनपोर्ट येथे हार्वे लिलार्ड या बहिऱ्या सफाई कामगाराचा मणका त्यानं दाबला आणि त्याला ऐकू आलं, असा पामरचा दावा. आता कानाची नस कवटीतल्या कवटीत मेंदूकडं जाते, पाठीत उतरतच नाही! तरी शंभरातले ९५ रोग सरकलेल्या मणक्यांमुळं होतात, असं त्यानं लिहून ठेवलं. परवान्याविना वैद्यकी केली म्हणून १९०६ साली तुरुंगातही गेला.

मग यात काहीच तथ्य नाही का? तसंही नाही. साध्या कंबरदुखीला जाणकार हातांनी दाबल्यावर थोडाफार आराम पडतो, जवळपास व्यायामानं पडतो तेवढाच. बहुतेक उसण मात्र काही आठवड्यांत आपोआप जाते आणि श्रेय घेतो पायाळू. दम्यासारख्या रोगांवर उपयोग सिद्ध झालेला नाही. 'कट्' आवाज येतो तो सांध्यातल्या द्रवात हवेची पोकळी झाल्याचा, हाड जागेवर बसल्याचा नव्हे.

तिकडं सेमाडोहच्या बाजूला कोरकू माणूस आधी भूमकाकडं जातो म्हणून आपण हसतो, अन् दाढी झाल्यावर न्हाव्यापुढं स्वतःची मान मोडायला देतो! मानेच्या झटक्यानं मेंदूकडं जाणारी रक्तवाहिनी फाटून लकवा होऊ शकतो. क्वचित होतो, पण होतो.

पाय बधिर झाले, लघवीवरचा ताबा गेला, ट्रॅक्टरवरून पडलात, किंवा पाठदुखीसोबत ताप येऊन वजन घटतंय, तर पाठ कोणालाही दाबू देऊ नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा. मणक्याचा क्षयही असाच सुरू होतो, आणि क्षयाची औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात.