मंगळागौरीचे जागरण आणि देहाचा नेम

आषाढाची झड ओसरून ऊनपावसाचा लपंडाव सुरू झाला, की श्रावणाची चाहूल लागते. सोमवारची शिवामूठ, मंगळवारची मंगळागौर, शुक्रवारची जिवतीची पूजा, असा सारा मास व्रतवैकल्यांनी गजबजून जातो. या सर्व व्रतांमध्ये मंगळागौरीचे एक आगळेपण आहे. एरवीच्या व्रतांत देह आवरावयाचा असतो. उपवासाने, मौनाने, एकभुक्त राहून त्याला वळण लावावयाचे असते. मंगळागौरीच्या दिवशीही हे सारे असतेच. परंतु रात्र झाली, की याच व्रतात देहाला मोकळे सोडावयाचा प्रघात आहे. पूजा सांगतेस जाते ती खेळाने. या खेळाकडे आपण करमणूक म्हणून पाहत आलो. आज वाचक भगिनींपुढे आम्ही त्याचा निराळा अर्थ ठेवू इच्छितो.

नवपरिणित वधूने विवाहानंतर पहिली पाच वर्षे श्रावणातील मंगळवारी हे व्रत करावे, असा आपल्याकडे परिपाठ आहे. पहिल्या वर्षीची पूजा बहुधा माहेरी होते. गौरीची स्थापना, सोळा प्रकारच्या पत्री, कणकेचे दिवे, कहाणीचे वाचन, आरती, दुपारचे मौन धरून केलेले भोजन, आणि मग रात्रीचे जागरण. दुसऱ्या दिवशी सकाळी दहीभाताचा नैवेद्य दाखवून गौरीचे विसर्जन होते. रात्रभर जागावयाचे तर झोपेला दूर ठेवणारे काहीतरी हवे. आपल्या आज्यापणज्यांनी त्यासाठी फुगडी, झिम्मा, पिंगा, कोंबडा, सूप नाचविणे असे कितीतरी खेळ रचले आणि एकीकडून दुसरीकडे मुखोद्गत पोहोचविले.

खेळातील शास्त्र

हे खेळ बारकाईने पाहिले, म्हणजे त्यांतील योजकता ध्यानी येते. साधी फुगडी घ्या. दोघींनी हातांची कैची करून पावले जवळ आणावयाची, अंग मागे झोकावयाचे आणि गरगर फिरावयाचे. मागे झुकलेल्या देहाचा तोल स्वतःच्या पायांवर जितका, तितकाच समोरचीच्या पकडीवर अवलंबून असतो. पोटऱ्या, दंड, मनगटे आणि कणा यांना एकाच वेळी काम पडते आणि कानाच्या अंतर्भागातील तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेलाही जागे राहावे लागते. बसफुगडी म्हणजे उकिडवे बसून मांड्यांच्या बळावर केलेला खेळ. आखाड्यातील बैठकांशी तिचे नाते जवळचे आहे. पिंग्यात कंबर लवते, झिम्म्यात खांदे आणि तळहात तालावर चालतात. गोफात रंगीत दोऱ्यांची वीण घालावयाची आणि उलट्या पावलांनी ती अचूक उलगडावयाची. तेथे पायांबरोबर स्मरणशक्तीही कामाला लागते.

आणि या सर्वांना गाण्याची जोड आहे. मध्यम श्रमाची एक सोपी खूण आज वैद्यकशास्त्र सांगते. श्रम करताना बोलता येते परंतु गाता येत नाही, इतपत श्वास वाढला, की तो व्यायाम मध्यम प्रतीचा समजावा. आमच्या आज्यांना ही परीक्षा ठाऊक नव्हती, तरी त्यांच्या खेळात तिची सोय होतीच. फेर धरणारीचा श्वास भरून आला, की कडेला बसलेल्या गाणे उचलून धरतात, आणि त्या खेळू लागल्या, की दमलेल्या गातात. श्रम आणि विसावा यांची ही वाटणी कोणी घड्याळ लावून केलेली नाही. ती गाण्याने होते.

गौरीलाच विचारलेला प्रश्न

व्रताच्या दिवशी देहाचा एवढा विचार कशाला, असे एखाद्या सश्रद्ध भगिनीस वाटेल. तिने महाकवी कालिदासाच्या ‘कुमारसंभवा’तील पाचवा सर्ग आठवावा. शिवाच्या प्राप्तीसाठी पार्वती कठोर तप करीत आहे. ब्रह्मचाऱ्याच्या वेषात आलेला शिवच तिची विचारपूस करतो. तू आपल्या शक्तीच्या मर्यादेत राहूनच तप करीत आहेस ना, असे तो विचारतो, आणि धर्माचरणाचे पहिले साधन शरीरच होय, याची तिला आठवण देतो. हा उपदेश पुष्कळदा तालमीच्या भिंतीवर आढळतो, त्यामुळे तो कोणा मल्लाला उद्देशून असावा असा समज होतो. वस्तुतः काव्यात तो गौरीला उद्देशून आहे. जिची आपण मंगळागौर म्हणून पूजा करतो, तिलाच. गौरीच्या पूजेत देहाचा सत्कार होतो, हे म्हणूनच यथायोग्य आहे.

आजची चिंता

हे सांगण्यास एक निकडीचे कारण आहे. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०२४ साली जगभरातील पाहण्यांवरून केलेले अनुमान प्रसिद्ध केले. त्यानुसार २०२२ साली भारतातील जवळजवळ निम्मी प्रौढ माणसे पुरेशी शारीरिक हालचाल करीत नव्हती. पुरुषांत हे प्रमाण शेकडा ४२, तर स्त्रियांत शेकडा ५७ इतके होते. मधुमेहासंबंधीच्या राष्ट्रीय पाहणीचा २०२३ साली प्रसिद्ध झालेला अंदाज असा, की देशात दहा कोटींहून अधिक लोकांना हा विकार आहे. घरातील सर्वांची पथ्ये सांभाळणारी गृहिणी स्वतःच्या देहाकडे पाहण्यास मात्र सर्वांच्या मागे राहते, हे या आकड्यांमागील दुःख आहे.

“आम्ही दिवसभर राबतोच की,” असे उत्तर अनेक घरांतून आमच्या कानी आले आहे. ते खोटे नाही. परंतु जाते, उखळ, रहाट आणि धुण्याचा दगड यांची जागा आता यंत्रांनी घेतली आहे. ती कष्टाची कामे पुन्हा यावीत, असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. त्यांनी किती पाठी वाकल्या, हे आपण विसरलेलो नाही. आजचे घरकाम मनाला थकविते, तासन्‌तास एका जागी उभे करते, पण श्वास क्वचितच वाढविते. शिवाय काम आणि खेळ यांत मूलतःच अंतर आहे. काम दुसऱ्यासाठी असते. मंगळागौरीची रात्र ही वर्षातील अशी एक रात्र होती, की जिच्यात घरच्या सुनेचा देह कोणाच्या उपयोगी पडण्यासाठी नव्हे, तर आनंदासाठी हालत असे.

संकल्प का मोडतात?

व्यायामाचा संकल्प कोणी केला नाही? पहाटे उठून चालण्याचा निश्चय होतो, नवी पादत्राणे येतात, आठ दिवस उत्साह टिकतो आणि पंधराव्या दिवशी सारे पूर्ववत होते. दोष आळसाला दिला जातो. आमच्या मते दोष संकल्पाच्या घडणीत असतो. व्यायाम औषधासारखा, एकट्याने, तोंड वाकडे करून घ्यावयाचा ठरविला, तर तो टिकावा कसा? जागरणातील खेळात तीन गोष्टी होत्या, म्हणून तो पिढ्यान्‌पिढ्या टिकला.

पहिली गोष्ट संगत. फुगडी एकटीने घालता येत नाही. समोरची हात पुढे करून उभी राहिली, की ‘आज कंटाळा आला’ हे शब्द ओठांतच विरतात. दुसरी गोष्ट विविधता. एक खेळ संपतो तोच दुसरा सुरू होतो. पाय दमले तर हातांचा, हात दमले तर नुसत्या बसल्या गाण्याचा. तिसरी गोष्ट पुढची ओढ. आश्विनातील भोंडल्यात मुलींचे लक्ष अखेरच्या खिरापतीकडे असते. डब्यात काय आहे हे ओळखण्यातच अर्धी गंमत. अशी काहीतरी गोड ओढ मोठ्यांनाही लागते, हे मान्य करण्यात कमीपणा नाही.

यांच्या जोडीला आपल्या परंपरेने चौथी गोष्ट दिली आहे, ती म्हणजे नेम. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत चातुर्मासात अनेक स्त्रिया लक्ष प्रदक्षिणांचा किंवा लक्ष नमस्कारांचा नेम घेत आल्या. त्याची रचना पाहण्याजोगी आहे. येथे संख्या पुरी करावयाची असते. आजारपणामुळे किंवा प्रवासामुळे चार दिवस चुकले, तर राहिलेला आकडा पुढे भरून काढता येतो. नेम मोडला म्हणून तो सोडून देण्याची पाळी येत नाही. आजच्या संकल्पात एक दिवस चुकला, की मन म्हणते, ‘आता गेलेच सारे!’ यास्तव व्यायामाचा नेम घ्यावयाचा तर तो दिवसांचा न घेता संख्येचा घ्यावा, अशी आमची सूचना आहे.

श्रावणापासून श्रावणापर्यंत

आता प्रत्यक्ष कसे करावे? जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, आणि त्याखेरीज दोन दिवस तरी स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा. वयाची ६५ वर्षे उलटलेल्यांनी तीन दिवस तोल सांभाळण्याचा सराव करावा, असेही तीत म्हटले आहे. मिनिटांचा हा आकडा ऐकून घाबरण्याचे कारण नाही. आठवड्यातून दोन सायंकाळी आळीतील अथवा इमारतीतील भगिनींनी देवळाच्या सभामंडपात किंवा गच्चीवर जमून अर्धा तास हे खेळ खेळावे, आणि उरलेल्या दिवसांपैकी तीन दिवस अर्धा अर्धा तास झपझप चालावे, म्हणजे दीडशे मिनिटे भरली. चालणे देवळाभोवतीच्या प्रदक्षिणांचे असले तर नामस्मरणही घडेल. फेऱ्यांची मोजदाद एका वाटीतील दाणे दुसऱ्या वाटीत टाकून ठेवावी. भरत चाललेली वाटी पाहून जो हुरूप येतो, तो उपदेशाने येत नाही.

सणांची माळही या कामी साहाय्य करते. श्रावणात मंगळागौर, भाद्रपदात गौरीगणपतीपुढे कोकणात आणि गोमंतकात घुमणाऱ्या फुगड्या, आश्विनात भोंडला आणि महाष्टमीच्या रात्री महालक्ष्मीपुढे घागरी फुंकणे, पौषाच्या चांदण्यात गोमंतकातील धालो, माघात रथसप्तमीचे सूर्यनमस्कार. प्रत्येक सणासाठी महिनाभर आधी तालीम धरली, तर वर्षाचा बहुतेक भाग तालमीतच जाईल. एक सण संपता संपता दुसऱ्याची ओढ लागावी, यातच सातत्याचे मर्म आहे.

काही पथ्ये मात्र कटाक्षाने पाळावीत. वर्षभर बसून राहिलेल्या देहाला एका रात्री फुगडीत झोकून देणे हिताचे नाही. तीन-चार आठवडे आधीपासून हळूहळू सराव करावा. जमीन कोरडी असावी, पायघोळ वस्त्र नीट खोचलेले असावे. गुडघ्यांची व्यथा असलेल्यांनी बसफुगडी आणि कोंबडा वर्ज्य करून झिम्म्याचा ताल धरावा. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी, हृदयविकार किंवा रक्तदाबाचा त्रास असलेल्यांनी आणि गर्भवती भगिनींनी उपवास, जागरण व श्रम यांचा मेळ घालण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. छातीत दुखले, घेरी आली किंवा दम लागून बोलणेही जमेना, तर तेथेच थांबावे. शक्तीच्या मर्यादेत राहण्याविषयी प्रत्यक्ष गौरीलाही विचारणा झाली होती, हे विसरू नये.

शेवटी आणखी एक विनंती. व्रताचे अधिकार आणि आचार ज्या त्या घराण्याच्या रीतीप्रमाणे असतील; त्यांत आम्ही शिरत नाही. परंतु आठवड्याच्या खेळात सर्व स्त्रियांना स्थान असावे. उद्यापन होऊन गेलेली, अविवाहित, पतिवियोगाचे दुःख सोसणारी, कोपऱ्यात पाय पसरून बसलेली सासू, साऱ्यांनी फेरात यावे. ज्यांचा हात आजवर कोणी धरला नाही, त्यांचा हात प्रथम धरावा. एकाकी घरात बसून राहिलेल्या देहाला आणि मनाला या फेराची गरज सर्वांत अधिक आहे. आणि घरातील पुरुषमंडळींनी तेवढा अर्धा तास स्वयंपाकघर व मुले सांभाळावीत. गौरीची ही सेवा त्यांच्याही पदरी पुण्य घालील.

पाच वर्षांनी मंगळागौरीचे उद्यापन होते, आईला वाण दिले जाते आणि व्रताची सांगता होते. देहाच्या व्रताला मात्र उद्यापन नाही. येत्या मंगळवारी गौरीपुढे दिवे लावाल, तेव्हा सौभाग्याबरोबर हेही मागावे, की पुढल्या श्रावणातही याच अंगणात, याच मैत्रिणींचे हात घट्ट धरून, याच पायांनी आम्हांला फेर धरता यावा. आणि ते मागणे पुरे होण्यासाठी मधल्या साऱ्या महिन्यांत आपला वाटा आपण उचलावा.