नव्याची वाटी

साकीनाक्यास बिऱ्हाड केले त्या वर्षी गणपती बसले, पण आरतीस माणूस नव्हते. शेजारच्या मंगळूरच्या ख्रिस्ती बाई मुलांसह आल्या. मुलांनी झांजा धरल्या. त्याही परमुलखातल्याच. कोंडिविट्यास १५७९ साली उभारलेले व पुढे मरोळास आलेले चर्च त्यांना माहेरासारखे. तेथील प्रार्थनेनेच आपला जीव येथे रमला, असे त्या म्हणत.

८ सप्टेंबरला, मरियामातेच्या जन्मदिनी, त्यांचे मोंती फेस्त आले. त्या दिवशी भाताच्या नव्या लोंब्यांस आशीर्वाद मिळतो आणि जेवण (आम्हांस नवलच वाटले) शाकाहारी असते! नवे दाणे वाटून घातलेल्या दुधाची वाटी घेऊन बाई उंबऱ्याबाहेरच थांबल्या. आमच्या मातोश्री कडक सोवळ्याच्या. क्षणभर थबकल्या, कोकणात आपण दाराला नवे बांधतो, ते त्यांना आठवले असावे. वाटी हाती घेऊन त्यांनी ती गणपतीपुढे ठेवली.