डिपार्टमेंटच्या वाय-फायवर लॅपटॉप चालत नाही? मॅक अ‍ॅड्रेस बघा

पासवर्ड बरोबर, रेंज फुल, तरी पेज उघडत नाही? बऱ्याच विद्यापीठांच्या विभागांत नोंद केलेल्या लॅपटॉपलाच नेट मिळतं. ही नोंद मॅक अ‍ॅड्रेसवर होते, म्हणजे नेटवर्क कार्डाच्या 12 अंक-अक्षरांच्या ओळखीवर. गोची अशी, की विंडोज 11 मध्ये 'रँडम हार्डवेअर अ‍ॅड्रेसेस' ऑन असेल तर लॅपटॉप खरा पत्ता लपवून दुसराच सांगतो. मग नेटवर्क त्याला ओळखणार कसं?

त्या एका नेटवर्कपुरतं ते ऑफ करा. स्टेशनवर, कॅफेत मात्र ऑनच राहू द्या, तिथे ते कामाचं आहे. मग वाय-फायच्या 'हार्डवेअर प्रॉपर्टीज'मधला 'फिजिकल अ‍ॅड्रेस' लॅबमध्ये नोंदवा. आणि हो, लॅन केबलच्या पोर्टचा मॅक वेगळा असतो. केबलही लावणार असाल तर दोन्ही लिहून द्या, नाहीतर ऐन सबमिशनच्या दिवशी पुन्हा अर्ज!