तीन पायांवरचे आयुष्य : श्वानांचा हाडाचा कर्करोग व घरची शुश्रूषा

'कात्रजचा घाट दाखवणे' या वाक्प्रचाराचा अर्थ पुणेकरांना सांगावा लागत नाही. १६६३ साली लाल महालावरील छाप्यानंतर बैलांच्या शिंगांना पलिते बांधून शत्रूला याच घाटाकडे भुलविण्यात आले, अशी कथा परंपरेने चालत आली आहे. श्वानांना होणारा हाडाचा कर्करोगही असाच भुलवतो. मोठ्या चणीचा, सात-आठ वर्षांचा कुत्रा एके दिवशी लंगडू लागतो. जिन्यावरून घसरला असेल, पाय मुरगळला असेल, असे घरच्यांना वाटते. वेदनाशामक औषधाने चार दिवस आराम पडतो आणि खरा आजार तेवढ्यात पुढची मजल गाठतो.

आजाराचे स्वरूप

कुत्र्यांमध्ये मूळ हाडातच उद्भवणाऱ्या कर्करोगांपैकी बहुसंख्य 'ऑस्टिओसार्कोमा' या प्रकारचे असतात. ग्रेट डेन, रॉटवायलर, जर्मन शेफर्ड, लॅब्रॅडॉर अशा मोठ्या जातींत तो अधिक आढळतो. पुढच्या पायात खांद्याजवळ किंवा मनगटाजवळ आणि मागच्या पायात गुडघ्याच्या आसपास ही त्याची नेहमीची ठिकाणे होत. मनुष्यामध्ये हाच रोग मुख्यत्वे पौगंडावस्थेतील मुलांना आणि बहुधा गुडघ्याजवळच होतो. म्हणूनच श्वानांवरील उपचारांकडे मानवी वैद्यकाचेही लक्ष असते.

दोन आठवड्यांत न थांबणारे लंगडणे, हाडावर आलेली टणक व दुखरी सूज ही लक्षणे दिसताच क्ष-किरण चित्र काढून घ्यावे. निदानाची खात्री गाठीतील पेशींच्या तपासणीने होते. छातीचे क्ष-किरण चित्रही आवश्यक असते, कारण हा रोग रक्तावाटे प्रथम फुप्फुसांत जातो. निदानाच्या वेळी फुप्फुसांत गाठी दिसतात त्या दहांपैकी जेमतेम एका कुत्र्यात. परंतु डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशी सुमारे नऊ जणांत आधीच पसरलेल्या असतात. पुढील सर्व निर्णय या एका गोष्टीवर उभे आहेत.

'कर्करोग' हा शब्द ऐकताच आशा सोडण्याचेही कारण नाही. भटक्या कुत्र्यांमध्ये समागमातून पसरणारी जननेंद्रियाची गाठ हाही कर्करोगच होय. पण आठवड्यातून एकदा द्यावयाच्या व्हिनक्रिस्टिनच्या काही इंजेक्शनांनी ती बहुतेक वेळा पूर्ण बरी होते. हाडाचा कर्करोग मात्र तसा नव्हे, आणि त्याविषयी स्पष्ट बोलणे हिताचे.

पाय का काढावा लागतो

अंगच्छेदनाचा सल्ला ऐकून श्वानपालकांना धक्का बसतो. 'त्या मुक्या जिवाचा पाय कापायचा?' हा प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु रोगग्रस्त हाड आतून पोखरलेले असते. त्याची वेदना अहोरात्र चालू असते आणि साध्या उडीनेही ते मोडू शकते. अशा पायावर कुत्रा भार टाकीतच नाही. म्हणजे शस्त्रक्रियेपूर्वीच तो तीन पायांवर चालत असतो. शस्त्रक्रिया काढून घेते ती प्रामुख्याने वेदना.

पुढचा पाय सहसा खांद्याच्या फऱ्यासह आणि मागचा पाय खुब्याजवळून काढतात. अर्धवट ठेवलेला भाग जमिनीवर आपटून जखमी होतो, हे त्याचे कारण. कुत्र्याच्या शरीराचा सुमारे ६० टक्के भार पुढच्या पायांवर असल्याने पुढचा पाय गेल्यास सवय होण्यास थोडा अधिक काळ लागतो. तरीही बहुतेक कुत्रे एक-दोन दिवसांत उभे राहतात. अतिस्थूलता, इतर पायांच्या सांध्यांचा तीव्र विकार किंवा मज्जासंस्थेचा आजार असल्यास मात्र आधी नीट विचार करावा लागतो.

केमोथेरपीचा हेतू

केवळ पाय काढल्यास सरासरी चार ते पाच महिन्यांचे आयुष्य मिळते, कारण पसरलेल्या पेशी मागे उरतात. त्याला केमोथेरपीची जोड दिल्यास हा काळ सुमारे दहा ते बारा महिन्यांपर्यंत जातो आणि पाचांपैकी साधारण एक कुत्रा दोन वर्षे पाहतो. कार्बोप्लाटिन हे औषध शिरेतून, सहसा तीन आठवड्यांच्या अंतराने, चार ते सहा वेळा दिले जाते.

येथे माणसाच्या अनुभवावरून अंदाज बांधू नये. कुत्र्यांमध्ये मात्रा बेताची ठेवतात. रोगाचे उच्चाटन करण्यापेक्षा राहिलेले दिवस सुखाचे करणे हा हेतू असतो. बहुतेकांना एक-दोन दिवस मळमळ किंवा जुलाब एवढाच त्रास होतो. पूडलसारख्या सतत केस वाढणाऱ्या जाती वगळता केसही फारसे गळत नाहीत. प्रत्येक मात्रेपूर्वी रक्ततपासणी अनिवार्य आहे. आपल्याकडे गोचिडांमुळे होणाऱ्या तापात रक्तातील प्लेटलेट कमी होतात. म्हणून गोचिडांचा बंदोबस्त उपचारांपूर्वीच करावा.

घरची शुश्रूषा

टाके काढेपर्यंतचे १० ते १४ दिवस महत्त्वाचे. जखम चाटू नये म्हणून गळ्यात नरसाळ्यासारखी कॉलर ठेवावी. कात्रज परिसरातील सदनिकांत गुळगुळीत फरशी आणि जिने हीच मोठी अडचण ठरते. जेवणाच्या जागेपासून दारापर्यंत रबरी चटया किंवा सतरंज्या अंथराव्यात. जिना उतरविताना पोटाखालून जुना पंचा घालून दोन्ही टोके वर धरावीत. आंबेगावच्या चढणीवरचा फेरफटका काही आठवडे टाळून सपाट रस्त्यावर थोडे थोडे चालवावे. वजन वाढू देऊ नये, कारण आता तीन पायांना चौघांचा भार आहे.

माणसांसाठीची वेदनाशामके, विशेषतः आयबुप्रोफेन व पॅरासिटामॉल, स्वतःच्या मनाने कदापि देऊ नयेत. ती विषारी ठरू शकतात. उपचारकाळात कच्चे मांस टाळावे. कुत्र्याचे नेहमीचे तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. औषधानंतर दुसऱ्या आठवड्याच्या आसपास पांढऱ्या पेशी घटतात. त्या सुमारास ताप १०३ च्या वर गेल्यास रात्र असली तरी पशुवैद्यांना कळवावे. मात्रेनंतरचे तीन दिवस मलमूत्र व उलटी हातमोजे घालून साफ करावी आणि गर्भवती स्त्रिया व लहान मुले यांना त्यापासून दूर ठेवावे.

कोठे जावे

कात्रजचा बोगदा ओलांडून साताऱ्याच्या दिशेने गेल्यास शिरवळ येथे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे. मुंबईत परळ येथे १८८६ साली सुरू झालेले पशुवैद्यक महाविद्यालय व बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय आहे; महालक्ष्मी येथे टाटा ट्रस्ट्सचे लहान प्राण्यांचे रुग्णालय २०२४ साली सुरू झाले. आपल्या नेहमीच्या पशुवैद्यांची चिठ्ठी व क्ष-किरण चित्रे सोबत न्यावीत. कोणते उपचार उपलब्ध आहेत आणि एकूण खर्च किती येईल, हे आधीच विचारून घ्यावे. खर्च झेपत नसेल, तर केवळ वेदना आटोक्यात ठेवण्याचा मार्गही मान्य वैद्यकीय मार्ग आहे. त्यात अपराधी वाटण्याचे कारण नाही.

निर्णय कोणाच्या बाजूने

कुत्रा आरशात पाहून गेलेल्या पायाचा शोक करीत नाही. किती महिने उरले, हेही तो मोजत नाही. आज दुखते की नाही, भूक आहे की नाही, दारात ओळखीची पावले वाजली की शेपूट हलते की नाही, एवढाच त्याचा हिशेब. म्हणून दिनदर्शिकेवर रोज एक खूण करावी : दिवस चांगला की वाईट. वाईट दिवसांच्या खुणा अधिक होऊ लागल्या, की पुढील मात्रेऐवजी सुखमरणाविषयी पशुवैद्यांशी मोकळेपणाने बोलावे. उपचार सुरू करण्यात जितकी माया असते, तितकीच योग्य वेळी ते थांबविण्यातही असते. आपल्या दुःखाच्या मापाने नव्हे, तर त्याच्या दिवसांच्या मापाने निर्णय घ्यावा, एवढीच विनंती.